उडत्याला हजार, मांडवात साठ

बुवापाडा, अंबरनाथ
९ जानेवारी १९९२

आणि वर विचारतोस, "ताई, सगळे मजेत ना?" मजेत! चार वर्षांत तुझी तीन कार्डं आली. तिन्हींवर पाखरं, आणि मागे दोन-दोन ओळी. या खेपेला बगळ्याच्या पाठीवर नवीन वर्षाच्या शुभेच्छा. जयदेव, मी चौथी शिकलेली बाई आहे. मला वाचायला टाइम लागतो, आणि एवढा टाइम घालवून हाती शुभेच्छा लागल्या की डोकं फिरतं. त्या तुझ्या भरतपूरच्या तळ्यावर वाट त्या. मला तुझ्याकडून दुसरं पाहिजे, ते नीट वाच.

कुंदा माहेरी आहे. पाहुणी म्हणून नाही. गेल्या नाही, त्याच्या आदल्या दिवाळीला जावयाने, त्या आनंदाने, तिला पोरीसकट आमच्या दारात आणून सोडली. "चार दिवस राहू दे," म्हणाला. आम्ही करंज्या खायला घातल्या त्याला. शिमग्याला कळलं, त्याने दुसरी केली. बदलापूरला, त्याच घरात, कुंदाच्या कपाटात तिच्या साड्या. तुला कळवलं नाही, कारण तू कोण लागतोस आमचा, असं तेव्हा वाटलं.

कल्याणच्या कोर्टात केस घातली. तर त्याचा वकील म्हणतो, लग्नच झालं नाही. नुसती बोलणी झाली होती, मुलगी आपल्या पायाने येऊन राहिली. ऐकलंस? माझ्या अंगणात मांडव पडला, अख्खा पाडा जेवून गेला, आणि लग्न झालं नाही! पण साक्षीला माणसं सगळी आमच्याकडची. भटजी म्हणतो, त्या दिवशी माझी चार लग्नं होती, मला तोंडं आठवत नाहीत. मग आपला वकील म्हणाला, बाई, फोटो आणा. नवऱ्याचं तोंड दिसणारा एक फोटो आणा, बाकी मी बघतो.

मी लग्नाच्या फोटोंचा डबा काढला. चार वर्षं उघडला नव्हता.

काय आहे त्यात तुला ठाऊक आहे, पण तू विसरल्यासारखा वागतोस म्हणून पुन्हा सांगते. सगळे फोटो काळे. एका कडेला बोटभर उजेडाची पट्टी, बाकी डांबर. एकात त्या पट्टीत कुणाचं कोपर, एकात नारळ. मंगलाष्टकांच्या फोटोत त्या पट्टीत कोण आहे? तू. मामा म्हणून कुंदाच्या पाठीशी हात जोडून उभा. नवरी नाही, नवरा नाही, आंतरपाट नाही. फेटा बांधून तू एकटा.

लग्नाच्या दिवशी सकाळी मामा कुठे होता? चिखलोलीच्या धरणावर. घरात बायका तांदूळ निवडतायत, आणि हा सायकल काढून पाखरांमागे. आलास तेव्हा पायजमा चिखलाने भरलेला आणि तोंडावर अशी खुशी, जसं तुझंच लग्न. "ताई, सुरय मिळाली! पाण्यावर सूर मारताना, पंख पसरलेली!" मी म्हटलं, आंघोळ कर आधी. मग म्हणालास, रोलमध्ये अजून जागा आहे, वाया कशाला घालवू. वरात आली तेव्हा मांडवाच्या तोंडाशी, उन्हात, मी जावयाला ओवाळलं. तो फोटो तू स्वतः काढलास. मग तुला कुंदाला आतून आणायचं होतं. मामाशिवाय कोण आणणार? तू घाईघाईने कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवलास आणि माझ्या दिराच्या, जनूभावजींच्या हातात दिलास. "सगळं लावून ठेवलंय जनूभाऊ, तुम्ही फक्त दाबा." माणसाने जीभ दाताखाली धरून दाबलं. तो रोल संपला, तू दुसरा घालून दिलास, तोही दाबला.

लावून ठेवलं होतं, पण पाखराला. उडत्या पाखराला.

तुझाच नियम. बसलेलं पाखरू आपल्याला वेळ देतं, उडणारं देत नाही, म्हणून कॅमेरा कायम उडत्यावर लावून ठेवायचा. ओट्यावर बसून माझ्या भाकऱ्या कावळ्यांना टाकायला लावायचास आणि हात साफ करायचास. चक्रावरचा आकडा मोठा, तेवढा कॅमेरा झटकन मिटतो: बसलेल्याला अडीचशे, उडत्याला हजार, मांडवात साठ. ऐकून ऐकून मला पाठ झालं. तुला नाही झालं.

आता कामाचं. विठ्ठलवाडीला तुझ्या जुन्या मालकाकडे, स्टुडिओवाल्या खूबचंदशेठकडे, निगेटिव्ह घेऊन गेले. म्हटलं, काळ्यातून काही निघतं का बघा. त्याने उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाला, "बहन, इसमें कुछ है ही नहीं तो निकलेगा क्या?" मग कडेचे बारीक आकडे वाचले. पहिल्या रोलच्या आमच्याकडच्या पट्ट्या तेरापासून सुरू होतात. बारापर्यंतच्या तू कापून नेल्यास. म्हणजे तुझी सुरय आणि उन्हातला जावई एकाच पट्टीवर आहेत. उन्हात फ्लॅश नव्हता, हजारावर तो फोटो चांगलाच आला असणार, असं शेठ म्हणाला.

ती पट्टी पाठव. रजिस्टर पोस्टाने. शुभेच्छा नकोत.

चांगुणा


२ फेब्रुवारी १९९२

तीन पानं लिहिलीस! मला वाटलं, चला, पट्टीचं काहीतरी असेल.

पहिल्या पानावर काय, तर तिकडची थंडी. दुसऱ्या पानावर, बसलेल्या पाखराला अडीचशे पुरतं पण वारा असला की फांदी हलते मग पाचशे घ्यावं. आणि उजेड मोजायचा काटा आकाशाकडे धरला तर तो फसतो, पाखरू काळं येतं, म्हणून आधी गवतावर नाहीतर स्वतःच्या तळव्यावर उजेड मोजून घ्यावा. बगळा पांढरा असला की उलटं करावं. मी बाहेरच्या खोलीत मोठ्याने वाचत होते. कुंदा आत भांडी घासत होती, ती म्हणाली, "आई, बस कर." तुझे भावोजी रात्रपाळी करून झोपले होते, ते उठून बाहेर गेले.

आणि तिसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात: "मला चांगलं आठवतं, मी कॅमेरा साठवर आणला होता. जनूभाऊंच्या हातून चक्र फिरलं असेल."

जयदेव, जनूभावजी गेले. आषाढात गेले. तुला कळवलं नव्हतं. पोटात पाणी झालं होतं. ते शेवटपर्यंत कुणाच्या लग्नात गेले नाहीत. हळदीला जायचे, जेवायचे, आणि लग्नाच्या दिवशी अंग दुखतं म्हणून घरी बसायचे. का, ते सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. पोरं त्यांना "फोटोवाले" म्हणून हाका मारायची. चेष्टा होती, पण ते हसायचे नाहीत. आम्ही घरातलेही बोललो त्यांना. मी काय बोलले ते सोड.

हॉस्पिटलात मला म्हणाले, "वहिनी, मी त्या चक्राला हात लावला नव्हता हो. पण लागला असेल." बघ. तू तिकडून लिहितोस "असेल" आणि तो माणूस मरताना म्हणतो "असेल".

तुझं पत्र घेऊन मी पुन्हा विठ्ठलवाडीला गेले. खूबचंदशेठला म्हटलं, तुम्हीच सांगा काय ते. त्याने गिऱ्हाईक उभं ठेवलं आणि तसलाच जुना कॅमेरा काढून मागचं झाकण उघडून दाखवला. आत कापडाचा पडदा आहे. साठवर दाबलं की पूर्ण उघडतो, तेवढ्यात फ्लॅशचा उजेड आत येतो. हजारावर दाबलं की पडदा उघडायच्या आधीच पाठून बंद व्हायला लागतो, नुसती फट धावते. फ्लॅश एकदाच चमकतो, तेव्हा फट असेल तेवढ्याच जागेवर उजेड. "जितनी पतली पट्टी, उतना ऊँचा नंबर," म्हणाला. "ये पूरा हजार है, बहन. और पहले फोटो से है. हाथ लग के हिला होता तो बीच में बदलता ना? इसमें कुछ नहीं बदला."

मग कॅमेऱ्याचं झाकण लावून म्हणाला, "जयदेव को मालूम है. जिस दिन रोल धोया, अंधेरे कमरे से बाहर आया, उसका मुँह देख के मैंने पूछा नहीं."

तर तुला माहीत होतं. तू फोटो घेऊन घरी आलास आणि सगळे जनूभावजींवर तुटून पडले तेव्हा तू दाराशी उभा होतास आणि बोलला नाहीस. महिन्याभरात गाशा गुंडाळून गेलास. मला तेव्हा वाटलं, माझ्या तोंडाला घाबरून गेला.

ते आता तुझं तू बघ. तो माणूस परत येत नाही. मला पट्टी पाहिजे. २५ तारखेला साक्षी आहेत.

आणि हो, पहिल्याच पानावर विचारलंयस, "माझे पेटीतले बाकीचे पाखरांचे फोटो आणि निगेटिव्ह नीट आहेत ना?" उंदीर झालेत घरात. तेवढंच समज.

चांगुणा


२७ फेब्रुवारी १९९२

तुझं पत्र नाही, पट्टी नाही. परवा कोर्टात काय झालं ते ऐक.

आधी गोदूबाईंची साक्ष. आपल्या पाड्यात हळदीपासून लग्नाचे धवले गातात त्या, माझ्या हळदीचे पण त्यांनीच गायले. आता कंबर वाकली आहे, दोघींनी धरून पिंजऱ्यात चढवलं. त्याचा वकील विचारतो, "आजी, तुम्ही या लग्नात काय केलं?"

"धवला गायला."

"गाणं म्हटलं की लग्न लागतं का?"

गोदूबाई म्हणाल्या, "माज्या गान्याबिगर या पाड्यात कुनाचा लगीन लागला हाय का, त्याचा नाव सांग." आणि काय वाटलं कोण जाणे, त्यांनी धवला सुरू केला. कोर्टात! मामाने नवरीला बाहेर आणायच्या वेळचा. जज्ज म्हणाले, "बस, मावशी, बस." लोक हसले. गोदूबाई थांबल्या, पण त्यांना कळेना, मधेच का थांबवलं. उतरताना मला म्हणाल्या, "अर्धा रायला गो."

मग फोटो. आपल्या वकिलाने नाइलाजाने दिला, दुसरं होतंच काय. त्याच्या वकिलाने हातात धरला, उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी गेला. चांगलं नाटक केलं. "साहेब, यात नवरा कुठे आहे? मला तर एकटे मामाच दिसतात. मुलीचं लग्न काळोखाशी लावलं, का मामांशी?"

सगळे हसले. पट्टेवाला पण हसला. जज्ज नाही हसले, पण त्यांनी काहीतरी लिहिलं.

कुंदा माझ्या शेजारी बसली होती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. आनंदा समोरच्या बाकावर होता. तो हसला नाही, खाली बघत राहिला. त्याला माहीत आहे ना, त्या काळ्यात तो उभा आहे.

बाहेर आलो तर त्याचा वकील पान खात उभा. आता गोड बोलायला लागला. "बाई, कशाला मुलीची बदनामी? एक कागद करू. आमचं लग्न झालं नव्हतं असं दोघं सही करतील, केस मागे घ्या. तुमचं कपाट, भांडी टेंपोने घरपोच." मी म्हटलं, आणि पोरगी? तो म्हणाला, "तिचं कागदात काही नाही." म्हणजे तेच. पिंकी कागदात नाहीच.

रात्री भात वाढताना कुंदा म्हणाली, "आई, मी करते सही. पुढच्या तारखेला करते."

"डोकं फिरलंय तुझं? पिंकी उद्या शाळेत जाईल. बापाचं नाव काय लावायचं?"

"आबांचं लावू."

"आजोबाचं नाव बाप म्हणून?"

"मग नको लावू कुणाचं. मला पुन्हा तिथे उभं राहायचं नाही. लोक हसतात ग."

तुला माहीत आहे ती हट्टी आहे. लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून धरणावर यायची, आणि तू "हलू नकोस" म्हटलंस की तासभर हलायची नाही. आता तशीच बसून असते. फरक एवढाच की तिला कुणी "हलू नकोस" म्हटलेलं नाही.

पुढची तारीख २३ मार्च, सोमवार. वकील म्हणतो, नुसत्या छापलेल्या फोटोने भागणार नाही, ते म्हणतील दुसऱ्या कुठल्या दिवशीचा आहे. मूळ पट्टी पाहिजे, आणखी न कापलेली, तिचे आकडे आमच्या आकड्यांना जुळणारे. आणि ज्याने काढली तो माणूस पाहिजे. तो उभा राहून सांगेल की सकाळी पाखरं काढली, मग वरात, मग मांडव, आणि कॅमेरा सकाळपासून एकाच नंबरावर होता. म्हणून उन्हातलं आलं आणि मांडवातलं काळं पडलं.

म्हणजे तू.

चांगुणा


१० मार्च १९९२

पत्र मिळालं. या खेपेला एकच पान, म्हणजे खरं लिहिलंयस.

तर पट्टी दिल्लीला आहे. कॅलेंडरवाल्यांकडे. पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरात जुलै महिन्यावर तुझी सुरय छापणार, खाली तुझं नाव. दिवाळीनंतर परत देतील. आता मागितली तर दुसऱ्याचा फोटो घेतील, लायनीत पुष्कळ आहेत. "ताई, असं पाखरू आयुष्यात एकदा हाती लागतं. माझं बाकीचं सगळं गेलं, हे एवढंच उरलंय."

किती उरलंय ते मला माहीत आहे. मला सांगू नकोस.

तुझी सुरय एक महिना भिंतीवर लटकेल. मग लोक पान उलटतील आणि मागे दुधाचा हिशोब लिहितील. मी वाईट बोलत नाही, आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडराचं तसंच होतं. तुला ते नाव पाहिजे, मला कळतं. चाळिशी आली, लग्न नाही, घर नाही, दुसऱ्यांच्या दुर्बिणी उचलून तळ्याकाठी फिरतोस. एक पाखरू आहे. पण त्याच पट्टीवर, त्या पाखराच्या शेजारी, मी हातात ताट घेऊन उभी आहे आणि समोर तो मुंडावळ्या बांधून उभा आहे. कॅलेंडरवाल्यांना ते दिसत असेल. रोज बघत असतील आणि म्हणत असतील, हे कोण, कापून टाका.

त्यांना कापू देऊ नकोस. कापलं की संपलं, वकील म्हणाला.

तू लिहितोस, कोर्टात उभं राहून कसं सांगू की चूक माझी. सरळ सांग. जनूभावजींचं नाव घेऊन सांग. त्यांची बायको पण येणार आहे, तिला मी बोलावलंय. ती मागे बसेल. तुझ्याकडे बघणार नाही, घाबरू नकोस, ती कुणाकडेच बघत नाही.

अजून एक. सांगणार नव्हते. परवा पिंकीने कोर्टाच्या पिशवीतून तो फोटो काढला. कुंदा नळावर गेली होती. पोरगी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि त्या उजेडाच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा." मी म्हटलं, नाही ग. तर म्हणे, "आईच्या लग्नाचा फोटो आहे ना? मग हे बाबा." शेजारची पोरं बापाच्या खांद्यावर बसून जातात, ती बघते. आनंदाचं तोंड तिला आठवत नाही, ती तेव्हा दुधावर होती. घरातल्या फोटोंत बघायला दुसरा पुरुषच नाही. ती फोटो परत देईना. उशाखाली घेऊन झोपली. कुंदाने बघितलं, आणि बाहेर जाऊन बसली.

मी तिला अजून खरं सांगितलं नाही. काय सांगू?

तर ऐक. हे पत्र तुला शनिवार-सोमवारपर्यंत मिळेल. दिल्ली तुला लांब नाही. जा, पट्टी मागून घे, पोस्टावर सोडू नकोस, स्वतः घेऊन गाडीत बस. येतोस की नाही, ते शुक्रवारी २० तारखेच्या आत मला कळलं पाहिजे. तार कर. कुंदा सोमवारी अकरा वाजता सही करणार. त्याच्या वकिलाने कागद टाइप करून ठेवला आहे, मी वाचला, दोनदा वाचला. तुझ्याकडून काही आलं तरच मी तिचा हात धरू शकते, नाहीतर कुठल्या तोंडाने धरू.

येत नसशील तर तसंच लिही. एक ओळ लिही, पाखरांचं काही नको. मग शुक्रवारी रात्री पिंकीच्या उशाखालचा फोटो काढून घेते, आणि तिला सांगते की हा माणूस आपला कुणी नाही.

चांगुणा